शाळा बंद करायची तर नाव लावून मत द्या

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

१९ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, एका मराठी सदस्याचं विधेयक मताला टाकलं गेलं. ते विधेयक प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं होतं आणि ते सदस्य होते गोपाळ कृष्ण गोखले. विधेयक लगेच मंजूर करा, असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. ते बारकाईने तपासायला चिकित्सा समितीकडे पाठवा, एवढंच ते मागत होते. बाजूने १३ मतं पडली, विरोधात ३८. कोणी कुठल्या बाजूला मत दिलं ते त्या दिवशीच्या कामकाजात नावानिशी छापलेलं आहे.

मी गुहागर तालुक्यातला मतदार. गोखल्यांचा जन्म आमच्याच तालुक्यात, कोतळूकला, ९ मे १८६६चा. ते त्यांचं आजोळ. त्यामुळे इकडे त्यांच्यावरची भाषणं ऐकतच मुलं मोठी होतात. बहुतेक भाषणांत तीच एक गोष्ट असते: गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं, शिक्षकांनी बक्षीस दिलं, गोपाळ रडला. गोष्ट चांगली आहे, पण या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षं ज्या एका कायद्यासाठी झिजवली त्याचं नावही त्या भाषणांत येत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी गोखल्यांच्या तसबिरीला हार घातला असेल. मला त्यांच्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय ते यासाठी, की ते तुमच्याच धंद्यातले होते. बाकांवर बसून सरकारला प्रश्न विचारणं आणि मत मागणं, हेच त्यांचंही काम होतं.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र अर्धवट वाचणाऱ्यांचीही सोय होईल. यापुढे महाराष्ट्रातली एकही सरकारी प्राथमिक शाळा बंद करायची, दुसरीत मिसळायची किंवा शिक्षकावाचून ठेवायची असेल, तर त्यावर सभागृहात मतविभाजन घ्या. आवाजी मतदान नको. कोणी हो म्हटलं, कोणी नाही म्हटलं, ते नावानिशी छापा.

आता हे गोखल्यांचं नाव घेऊन का मागतोय ते सांगतो.

गोखल्यांचे वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते, आधी कारकून आणि मग फौजदार. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले भाऊ गोविंदराव अठरा वर्षांचे. त्यांनी शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते गोपाळला कोल्हापूरला शिकायला पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत मागे राहिलेलं घर चालायचं. १८८१ साली मॅट्रिक झाल्यावर आपणही नोकरी धरावी असं गोपाळच्या मनात आलं, तेव्हा वहिनीने अंगावरचे दागिने मोडायची तयारी दाखवली, असं चरित्रकार सांगतात. पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन. तिथे महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८४ साली बी.ए. झालं.

मला या सगळ्यात ते ८ रुपये महत्त्वाचे वाटतात. एक मुलगा शिकला तो दुसऱ्याने शाळा सोडली म्हणून. आमच्या कोकणात हा हिशेब घरोघरी झालेला आहे. थोरला मुंबईला गिरणीत गेला, म्हणून धाकटा गावात मॅट्रिक झाला. बहिणीचं नाव तर या हिशेबात धरलंच जायचं नाही. गोखल्यांनी स्वतःच्या शिक्षणाची किंमत कोणी मोजली हे कधी विसरल्याचं दिसत नाही. कायदेमंडळात ते आकडे मांडायचे तेव्हा त्यामागे हा आठ रुपयांचा अनुभव होता, असं मी समजतो. हे माझं अनुमान, पुरावा मागू नका.

बी.ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरी सहज मिळाली असती. गोखले १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसन कॉलेजात, महिना ७५ रुपयांवर. गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलं. अंकगणिताचं पुस्तक लिहिलं, ते कैक वर्षं शाळांतून चाललं. जवळजवळ सतरा वर्षं हा माणूस फळ्यासमोर उभा होता. १८९९ला मुंबई कायदेमंडळात गेले आणि १९०२ला व्हाइसरॉयच्या. त्याच वर्षी मार्चमध्ये अर्थसंकल्पावरचं त्यांचं पहिलं भाषण झालं. सरकार तिजोरीतली शिल्लक अभिमानाने दाखवत होतं. गोखले म्हणाले, ही शिल्लक म्हणजे लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल केल्याची खूण आहे. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठावर एवढा कर नको, हे त्यांनी लावून धरलं. पुढच्या वर्षी तो दोन रुपयांवर आला आणि १९०७ साली एक रुपयावर. हा मिठाचा कर लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

१८ मार्च १९१० रोजी त्यांनी पहिला ठराव मांडला: प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायच्या दिशेने सुरुवात व्हावी, त्यासाठी आयोग नेमावा. त्या भाषणातला एक आकडा आजही अंगावर येतो. ब्रिटिश हिंदुस्थानात एकूण लोकसंख्येपैकी प्राथमिक शाळेत जाणारे होते १.९ टक्के. त्याआधीच्या एका अर्थसंकल्पी भाषणात ते म्हणाले होते की पाचातल्या चार गावांना शाळा नाही आणि आठातली सात मुलं अडाणी वाढताहेत. सरकारने विचार करू असं आश्वासन दिलं आणि गोखल्यांनी ठराव मागे घेतला. त्या वर्षअखेर शिक्षणाचं वेगळं खातं निघालं, पण सक्तीचं नाव कोणी काढेना. तुम्हालाही अशी आश्वासनं मिळतात. लक्षवेधीला मंत्री उत्तर देतात, कामकाजात नोंद होते आणि पुढचं अधिवेशन येतं. पण गोखले तिथे थांबले नाहीत. १६ मार्च १९११ रोजी ते विधेयक घेऊन आले. आजच्या भाषेत ते अशासकीय विधेयक होतं: सरकारचं नव्हे, एका सदस्याचं.

ते विधेयक किती सावध होतं, हे आज वाचताना नवल वाटतं. इंग्लंडच्या १८७० आणि १८७६च्या कायद्यांवर आणि आयर्लंडच्या १८९२च्या कायद्यावर ते बेतलेलं होतं. सक्ती साऱ्या देशावर नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला ती हवी असेल तिने सरकारची परवानगी घेऊन आपल्या हद्दीत लावायची, आणि तीही मुलांची ठरावीक टक्केवारी आधीच शाळेत जात असेल तरच. गोखल्यांच्या मनात एक तृतीयांशाचा आकडा होता. वय सहा ते दहा. सुरुवात फक्त मुलग्यांपासून. ज्या पालकाचं उत्पन्न महिना १० रुपयांच्या आत आहे त्याला फी माफ. खर्चाचे दोन भाग सरकारने उचलावेत आणि एक भाग स्थानिक संस्थेने, अशी त्यांची मांडणी होती.

आणि एक कलम असं, की ज्याच्या घरापासून मैलाच्या आत शाळा नाही त्या पालकावर सक्ती नाही.

या मैलावर मी जरा थांबतो. या कलमाने पालकाला सूट मिळत होती, पण खरं ओझं पडत होतं सरकारवर. शाळा आधी, सक्ती मागून. पोराला शाळेत धाडलं नाही म्हणून बापाला दंड करायचा असेल, तर आधी त्याच्या दारापासून मैलाच्या आत शाळा उभी करा. मैल म्हणजे १.६ किलोमीटर. सहा वर्षांचं मूल चालून चालून किती चालेल, याचा अंदाज गोखल्यांना होता.

विधेयक वर्षभर प्रांतोप्रांती अभिप्रायाला फिरलं. आक्षेप आले. लोकांची मागणीच नाही. स्थानिक संस्था तयार नाहीत. आधी सक्तीशिवाय शिक्षण वाढवा. कुळांची पोरं शाळेत बसली तर शेतावर कोण जाणार? आणि सगळ्यात मोठा आक्षेप, पैसे कुठून आणायचे? मुलग्यांपुरता वर्षाला सुमारे साडेचार कोटी रुपये खर्च गोखल्यांनी धरला होता. त्यातला सरकारचा वाटा तीन कोटी आणि तोही एकदम नाही, दहा वर्षांत हळूहळू वाढत जाणारा. वाढीव कर कुठून घेता येईल हेही त्यांनी सांगितलं. त्यात मीठही होतं. ज्या करासाठी ते सरकारशी वर्षानुवर्षं भांडले आणि तो कमी करून घेतला, तोच मणामागे आठ आण्यांनी वाढवायचा झाला तरी चालेल, असं हा माणूस म्हणाला. माझ्या देशबांधवांनी मीठ थोडं कमी खाल्लं तर चालेल, पण त्यांची मुलं अज्ञानात वाढणं हे त्याहून मोठं संकट आहे, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य आहे. तुमच्यापैकी ज्यांनी निवडणुकीत एखादा कर कमी करून दाखवला असेल, त्यांनी कल्पना करून पाहावी. तोच कर शाळेसाठी वाढवा, असं उभं राहून म्हणायला काय लागत असेल?

१९१२च्या मार्चमध्ये चर्चा झाली. शिक्षण खात्याचे सदस्य सर हारकोर्ट बटलर यांना विधेयकाचा हेतू मान्य होता, मार्ग मान्य नव्हता. बाजूने बोलणाऱ्यांत मदनमोहन मालवीय होते, मझरुल हक होते आणि महंमद अली जीनाही होते. पैसे नाहीत म्हणणाऱ्यांना जीनांनी सुनावलं, पैसे शोधा! हिंदी सदस्यांपैकीही सगळे गोखल्यांच्या बाजूला नव्हते, हे मुद्दाम लिहितो. जमीनदारांच्या बाकांवरून आलेला विरोध गोऱ्या अधिकाऱ्यांच्या विरोधापेक्षा त्यांना जास्त लागला असावा. संध्याकाळपर्यंत विधेयक फेटाळलं जाणार हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी भाषणात बोलूनही दाखवलं. माझी तक्रार नाही, आमच्या पिढीने देशाची सेवा अपयशातूनच करायची आहे, यशातून सेवा करणारे पुढे येतील, असं ते म्हणाले. तीन वर्षांत, १९ फेब्रुवारी १९१५ला, ते वारले. वय ४८.

त्या अपयशाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या पोरांकडूनही ऐकाल. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी आधीच, १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सगळ्या राज्यात सक्ती लावली होती. गोखले कायदेमंडळात त्याचाच दाखला द्यायचे. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. (कागलच्या फौजदाराचा मुलगा आणि कागलच्या घाटग्यांचा मुलगा, दोघांनी एकच काम हाती घेतलं. एकाला सत्ता होती म्हणून झालं, दुसऱ्याला फक्त मत मागता येत होतं.) १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा करून घेतला, ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला. मग १९२३चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, राज्यघटनेचं कलम ४५, २००२ची ८६वी घटनादुरुस्ती आणि २००९चा शिक्षणहक्क कायदा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांचं विधेयक पडलं त्या दिवसापासून अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

गोखल्यांची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. त्यांच्या विधेयकात मुली नव्हत्या, त्यांचं नंतर बघू असं होतं. आणि सक्तीच्या शिक्षणाची मागणी काही त्यांनी पहिल्यांदा केली नव्हती. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं स्पष्ट मागितलं होतं. शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातोय, हेही सांगितलं होतं. शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, हेही. फुल्यांचं मागणं जास्त मुळाशी जाणारं होतं. गोखल्यांनी त्यातलं जेवढं सरकारच्या गळी उतरेल असं वाटलं तेवढं विधेयकात बसवलं. तेवढंही उतरलं नाही. पण ते मताला गेलं, आणि कोण कुठे उभं आहे हे देशाला कळलं.

आता तुमच्याकडे येतो.

शिक्षणहक्क कायद्याचे महाराष्ट्राचे नियम २०११चे. पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. प्राथमिकला अट एवढी, की परिसरात सहा ते अकरा वयाची किमान २० मुलं असावीत. म्हणजे शंभर वर्षांत गोखल्यांच्या मैलातून आपण सहाशे मीटर कमी केले. हे चांगलंच झालं. पण त्याच नियमातल्या २० या आकड्याकडे बोट दाखवून आता उलटा प्रवास चालू आहे. २०१७च्या डिसेंबरमध्ये दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिसळायचा निर्णय आला, त्यावर गदारोळ झाला. २०२३च्या सप्टेंबरमध्ये समूह शाळांचे, म्हणजे जवळपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा सांगितलेला आकडा असा: एक ते वीस पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही नमुना म्हणून पुढे केली. मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षकपदं हे ठरवणाऱ्या, शासन निर्णयावरून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या, कारण पट घटला की शिक्षकाचं पदच उडतं.

हे सगळं शासन निर्णय, परिपत्रकं आणि पत्रं यांनी चालतं. विधेयक नाही, मतविभाजन नाही. एखाद्या गावाची शाळा गेली तर गावाने कोणाला विचारायचं? केंद्रप्रमुख म्हणतात वरून आलं. वरचे म्हणतात यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या ऑनलाइन माहितीत, पट तेवढाच दिसतो. आमदार म्हणतात, मी मंत्र्यांशी बोललो आहे. गावाला एक नाव मिळत नाही. १९१२ साली परक्यांच्या कायदेमंडळात ३८ जणांना आपलं नाव लावून नाही म्हणावं लागलं होतं.

समूह शाळेच्या बाजूचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. चार पोरांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही. एकच शिक्षक चार इयत्ता शिकवतो, त्यातच पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं. तो रजेवर गेला की शाळेला कुलूप. वाचनालय नाही, विज्ञानाचं साहित्य नाही, बरोबरीचं पोर नाही. आणि पट घटण्यात आमचाही हात आहे. आमची अर्धी वाडी मुंबईला, उरलेल्यांतल्या ज्यांना जमतं ते पोराला टाय लावून पिवळ्या गाडीत बसवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण उरतं? ज्याच्याकडे गाडीचे पैसे नाहीत तो. धनगरवाड्यावरची पोरं. आणि आमच्याकडे आंबा-काजूच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं. बालभारतीचं पुस्तक छातीशी धरून कविता खणखणीत म्हणणारी ही पोरं ज्या शाळेच्या हजेरीपटावर आहेत, ती शाळा कागदावर नुसती ‘कमी पटाची’ दिसते. पण तिथे जी आहेत त्यांच्यासाठी दुसरा पर्याय नाही, म्हणून तर ती तिथे आहेत. पट कमी असणं हे शाळा काढून घ्यायचं कारण कसं होतं, हे मला कळत नाही. तिथे शाळेची गरज जास्त आहे.

आणि अंतर. कागदावरचं अंतर आणि कोकणातलं अंतर यांचा मेळ बसत नाही. आमच्याकडची एक वाट सांगतो. वाडीतून निघालं की पाखाडी उतरायची. जांभ्याच्या पायऱ्या, पावसात शेवाळ धरलेल्या. खाली वहाळ, म्हणजे ओढा. त्यावर साकव आहे, पण एका बाजूचा कठडा गेलेला. श्रावणात वहाळाला पाणी चढलं की साकवावरून जाताना मोठी माणसंसुद्धा एकमेकांचा हात धरतात. पलीकडे चढ, मग कातळ. कातळावर धुकं उतरलं की पुढचं पोर दिसत नाही, म्हणून पोरं एकमेकांना हाका मारत जातात. मोबाइलच्या नकाशावर हे अंतर एक किलोमीटरच्या आत भरतं, कारण नकाशा कावळ्यासारखा सरळ जातो. पाखाडी, वहाळ, चढ, कातळ धरलं तर पहिलीतल्या पोराला पाऊण तास लागतो आणि दप्तर भिजतं ते वेगळं. शाळा लांब गेली की वाहतूक भत्ता देतात. पण ज्या वाटेवर चाक जात नाही तिथे भत्ता कशाचा? आणि तो येतो तोवर पोराने शाळा सोडलेली असते, मुलगी असेल तर नक्कीच. दहा वर्षांच्या मुलीला आई एकटी कातळावरून धाडत नाही. ती शाळा सोडते तेव्हा कुठल्याच तक्त्यात ‘शाळा दूर गेली म्हणून’ असं लिहिलं जात नाही. घरकाम असं लिहितात.

हे फक्त कोकणाचं नाही. मेळघाटात, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर, गडचिरोलीच्या टोल्यांवर अंतरं आणखी वाईट आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं सहा महिने गावाबाहेर असतात, त्यांचा पट तपासणीच्या दिवशी दिसेलच असं नाही. तिथल्या आमदारांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून म्हणतो, मत द्या. प्रत्येक शाळेचं नाव, तालुका, शेवटचा पट, मुलं आता कुठे जाणार आणि ती वाट चालून किती, हा तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावा. वाट नकाशावर मोजलेली नको. त्या मतदारसंघाच्या सदस्याने ती पावसाळ्यात, शाळेच्या वेळेला, एका पोराबरोबर चालून पाहावी आणि मग सभागृहात उभं राहून सांगावं की शाळा बंद करायला माझी हरकत नाही. एखाद्या ठिकाणी खरंच शाळा मिसळणं मुलांच्या भल्याचं असेल. असेल तर तसं सांगून मत द्या, आम्ही ऐकून घेऊ. गोखल्यांनीही समोरच्यांचं ऐकून घेऊनच एकेका आक्षेपाला उत्तर दिलं होतं. पण परिपत्रकाआड राहून शाळा जाऊ देऊ नका.

हे करायला सरकारची वाट पाहायची गरज नाही. अशासकीय विधेयक मंत्री सोडून तुमच्यापैकी कोणीही आणू शकतो, सत्तेतला असो की विरोधातला. अशासकीय कामकाजाला वेळ ठेवलेला असतो, आणि त्या वेळी बाकं किती रिकामी असतात ते तुम्हाला माहीत आहे. विधेयक चार ओळींचं पुरे: सभागृहाच्या नोंदवलेल्या मताशिवाय कोणतीही शासकीय किंवा स्थानिक संस्थेची प्राथमिक शाळा बंद अथवा विलीन करता येणार नाही. पडेल? पडू दे. २८८ आणि ७८ सदस्यांपैकी कोण कुठे उभं होतं ते तरी छापून येईल. शिक्षक मतदारसंघांतून निवडून आलेल्या परिषदेच्या सदस्यांकडून मला जास्त अपेक्षा आहे. गोखले सतरा वर्षं शिक्षक होते आणि मग सदस्य झाले, तुमच्यापैकी कित्येकांचा रस्ता तोच आहे.

आणि पैशाचा प्रश्न येईलच. कमी पटाच्या शाळेत दरडोई खर्च जास्त येतो, हे सांगणारा अधिकारी तुमच्या टेबलावर तक्ता ठेवील. तो तक्ता खरा असेल. त्याच्या शेजारी एक रकाना तुम्ही वाढवायला सांगा: शाळा लांब गेल्यावर दोन वर्षांत त्यातली किती मुलं, आणि किती मुली, नव्या शाळेच्या हजेरीपटावर उरल्या. तो रकाना आल्याशिवाय बचत किती झाली ते कोणालाच सांगता येणार नाही.

या पत्राची एक प्रत आमच्या मतदारसंघाच्या आमदारांच्या कार्यालयात देतो आहे, पोच घेऊन. बाकीच्यांनी हीच पोच समजावी. उत्तर लांबलचक नको. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात असं विधेयक तुम्ही मांडाल का, आणि दुसऱ्या कोणी मांडलं तर त्यावर मतविभाजन मागाल का, या दोन प्रश्नांना हो किंवा नाही, खाली सही, एवढं पुरे आहे.

कळावे,

आपला,
गुहागर तालुक्यातला एक मतदार,
शाळा व्यवस्थापन समितीचा माजी सदस्य